न पाडलेलं भोक

लोवेल स्ट्रँड कुणाच्याही ट्रेलरपाशी आला की आधी "काय, कसं काय" वगैरे म्हणत नसे. सरळ पुढच्या बाजूला जायचा, गुडघे टेकायचा, सामानाच्या कप्प्याच्या दाराला नाक लावायचा आणि मग मान वर करून विचारायचा, "बॅटऱ्या कुठे ठेवल्यात?"

नवी माणसं बिचकायची. जुनी हसायची. "आला बघा आमचा शिकारी कुत्रा," असं कुणीतरी म्हणायचं. लोवेललाही ते ऐकू जायचं. वास घेऊन काही कळत नाही, कारण बॅटऱ्यांतून निघणाऱ्या वायूला वासच नसतो, हे तिथं त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो नाक लावायचा. मी त्याला एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "लॉरेटा, काहीतरी करावं लागतं ना. नुसतं उभं राहवत नाही."

आम्ही सगळी उत्तरेकडची, बर्फाला कंटाळलेली म्हातारी माणसं. दर नोव्हेंबरात गाडीमागे आपापलं घर ओढत ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाच्या दक्षिणेला वाळवंटात यायचं आणि मार्चअखेर परत जायचं. मी आयोवाची. चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, नवरा गेला, घर विकलं आणि ट्रेलर घेतला. लोवेल मिनेसोटाचा, टेलिफोन कंपनीत खांबांवर चढून तारा ओढणारा. हात असा, की त्याने जोडलेली तार वीस वर्षं हलायची नाही. वाळवंटात ना विजेचा खांब, ना नळ. ज्याच्या त्याच्या बॅटऱ्या, त्यांवर इन्व्हर्टर, आणि ऊन कमी पडलं तर जनरेटर. त्यामुळे लोवेलसारख्या माणसाला तिथं फार मान होता.

हा मान व्हर्लिन जायच्या आधीचा.

व्हर्लिन क्वाम आणि त्याची बायको आर्डिस लोवेलच्याच गावची. व्हर्लिन आणि लोवेल शाळेत एका बाकावर होते. लोवेलने लग्न केलं नाही. रविवारचं जेवण तो चाळीस वर्षं आर्डिसच्या टेबलावर जेवला. इथेही तिघांचे ट्रेलर शेजारी शेजारी असायचे, नाही म्हणजे क्वामांचा एक आणि लोवेलचा एक. रोज दुपारी व्हर्लिन एक झोप काढायचा. उठला की मोज्यांवरच बाहेर यायचा, लोवेलच्या ट्रेलरच्या पत्र्यावर दोन थापा मारायचा आणि ओरडायचा, "मेलास की जिवंत आहेस?" आतून उत्तर यायचं, "कॉफी आणलीस तर जिवंत!"

त्या हिवाळ्यात वाळवंटात बॅटऱ्या चोरीला जात होत्या. बहुतेकांच्या बॅटऱ्या ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर उघड्यावर असतात. पट्टा कापला की काम झालं. व्हर्लिन म्हणाला, "लोवेल, माझ्या आत घे रे. पलंगाखालच्या कप्प्यात भरपूर जागा आहे. आणि तो नवा इन्व्हर्टर घेतलाय, तोही तिथंच बसव. एकदाच काय ती कटकट."

लोवेलने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते काम केलं. चार बॅटऱ्या, पाणी घालायच्या, जुन्या पद्धतीच्या. त्यांच्या वर फळी ठोकून तिच्यावर इन्व्हर्टर. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार जितकी आखूड तितकी चांगली, हे खरंच आहे, कारण लांब तारेत वीज वाया जाते आणि तार तापते. लोवेलच्या तारा दीड फूट भरल्या. त्याला त्याचा अभिमान वाटला. मला बोलावून दाखवल्या होत्या त्याने. कप्प्याच्या दाराला धूळ आत येऊ नये म्हणून रबराची पट्टी होती, छान घट्ट बसायची.

पण अशा बॅटऱ्या चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो. तो हलका असतो, वर चढतो. बाहेर जायला वाट नसेल तर साचतो. आणि इन्व्हर्टरच्या पोटात एक छोटा रिले, म्हणजे आपोआप फिरणारा स्विच, असतो. बाहेरची, म्हणजे जनरेटरची, वीज गेली की तो टक्कन बॅटरीवर येतो, आणि त्या टक्मध्ये एक ठिणगी असते. साधीच. मोकळ्या हवेत असली तर कुणाला कळतही नाही.

हे सगळं इन्व्हर्टरसोबतच्या पुस्तिकेत छापलेलं होतं, आणि लोवेलने ते वाचलं होतं. तो कप्प्याच्या वरच्या अंगाला दोन इंचाचं भोक पाडून नळीने वायू बाहेर काढणार होता. त्या मापाचं पातं त्याच्याकडे नव्हतं. शनिवारी गावात जाऊन आणायचं ठरलं. शनिवारी वारा सुटला, कुणी कुठे गेलं नाही. पुढच्या शनिवारी नाताळचं जेवण होतं. मग तो विसरला.

एवढंच. विसरला.

जानेवारीच्या नऊ तारखेला व्हर्लिनला सर्दी झाली होती. आकाश दोन दिवस ढगाळ, म्हणून क्वामांचा जनरेटर सकाळपासून चालू. जेवून व्हर्लिन पुढच्या, त्या कप्प्यावरच्या पलंगावर झोपला. दोनच्या सुमारास आर्डिस बाहेर आली. जनरेटर ट्रेलरपासून वीसेक फुटांवर होता. तिला वाटलं, आता पुरे, आवाजाने त्याची झोप मोडेल. तिने वाकून बटण दाबलं. जनरेटर थांबला.

मी माझ्या दारात बटाटे सोलत होते. आधी शांतता झाली ती आठवते. मग ट्रेलरचं पुढचं तोंड उचललं गेलं, जणू खालून कुणी खांदा लावला. आवाज मागाहून आला. दांडीवरच्या गॅसच्या टाक्या पेटल्या आणि पुढचं काही बघण्यासारखं राहिलं नाही. लोवेल धावला. दाराचं हँडल त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि सोडलं नाही, तेव्हा तिघांनी त्याला मागे ओढलं. ट्रेलर जळायला फार वेळ लागत नाही. प्लायवूड आणि डिंकच तो.

आर्डिस वाळूत बसली होती. भुवया जळालेल्या. ती एकच म्हणत होती, "मी बटण दाबलं. मी फक्त बटण दाबलं."

लोवेल तिच्यापासून दहा फुटांवर होता, तळहात वर करून. त्याने ते ऐकलं. मीही ऐकलं. तो काही बोलला नाही.

चौकशीत लिहून आलं की विजेचा काहीतरी बिघाड, नेमकं कारण सांगता येत नाही. आर्डिसची बहीण येऊन तिला घेऊन गेली. आणि लोवेल तेव्हापासून लोकांच्या ट्रेलरांपाशी गुडघे टेकू लागला.

त्याने स्वतःचा ट्रेलर विकला. पिकअपच्या मागच्या पेटीत गादी टाकून राहायचा. इन्व्हर्टर नाही, बॅटरी गाडीचीच, उजेडाला घासलेटचा कंदील. दिवसभर हिंडायचा. कुणाकडून एक डॉलर घ्यायचा नाही. दोन वाजायला आले की मात्र तो कुठे असेल तिथं थांबायचा. हातातलं काम खाली ठेवायचा. मला वाटायचं, प्रार्थना करत असेल.

चार वर्षांनी त्याने मला सांगितलं. भर उन्हात, माझ्या ताडपत्रीखाली बसून, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा.

"तो येतो, लॉरेटा."

"कोण?"

"व्हर्लिन. दोनला. मोज्यांवरच. ज्या कुणाच्या ट्रेलरपाशी मी असेन, त्याच्या पुढच्या कप्प्याच्या दारावर हात ठेवून उभा राहतो. रागावलेला नसतो. झोपेतून उठल्यावर कसा असायचा तसाच असतो. थापा मारायला हात उचलतो आणि मारत नाही."

ऊन असं लख्ख होतं की डोळे दिपत. माझ्या हातावर काटा आला. मी म्हटलं, "अरे, डॉक्टरला दाखव."

"दाखवलं. गोळ्या दिल्यात. गोळ्या घेतल्या तरी येतो, फक्त मला झोप येते."

मग त्याने त्या भोकाचं सांगितलं. पुस्तिकेचं, पात्याचं, शनिवारचं. मी म्हटलं, "तू आर्डिसला हे सांगितलंस का?"

तो उठून गेला. पुढे दोन आठवडे माझ्याकडे फिरकला नाही.

वाळवंटात डाग जात नाहीत. जिथं क्वामांचा ट्रेलर जळाला तिथं काळा चौकोन तसाच होता. वर्षाला चार इंच पाऊस, धुणार कोण? आम्ही जुने लोक तिथं गाडी लावत नसू. एका नोव्हेंबरात वोलोशिन नावाचा एक कॅनडावाला आला आणि सपाट जागा बघून नेमका तिथंच थांबला. गडगडाटी माणूस, पोट पुढे, हसला की तीन ट्रेलरांपर्यंत ऐकू जायचं. लोवेल त्याच्याकडे निघाला तशी मी मागोमाग गेले.

"बॅटऱ्या कुठे ठेवल्यात?" लोवेल म्हणाला.

"तुम्हालाही नमस्कार!" वोलोशिन म्हणाला. "ठेवल्यात त्यांच्या जागी. का? चोरायच्यात?"

"इन्व्हर्टर कुठे आहे?"

"बॅटऱ्यांच्या वरच. मी स्वतः बसवलाय. बघा, बघा, तारा किती आखूड!" त्याने मोठ्या हौसेने दार उघडलं.

लोवेल पांढरा पडला. दीड फुटाच्या तारा, वर फळी, दाराला रबराची पट्टी. मी त्याचा दंड धरला. त्याने सावकाश सांगितलं, "जनरेटरला हात लावू नका. दार उघडंच राहू द्या. तासभर उघडं राहू द्या."

"अहो, पण झालंय काय?"

"तुम्ही उभे आहात तिथं माझा मित्र मेला," लोवेल म्हणाला.

वोलोशिनने पायाखालच्या काळ्या जमिनीकडे पाहिलं. मग तो न हसता बाजूला झाला. त्या दिवशी लोवेलने त्याचं सगळं काम उलटं करून नीट लावून दिलं. पण "मित्र मेला" याच्या पुढचं वाक्य त्याने तेव्हाही म्हटलं नाही. मी वाट बघत होते.

त्यानंतरच्या जानेवारीत, म्हणजे व्हर्लिन गेल्यावर आठ वर्षांनी, आर्डिस आली.

एकटी आली, बहात्तराव्या वर्षी, सोळा फुटांचा जुना ट्रेलर ओढत. माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "लॉरेटा, कॉफी आहे का? आणि तो लोवेल कुठे उलथलाय?" इतकी बारीक झाली होती की आवाजावरूनच ओळखलं.

मी विचारलं, "इतक्या वर्षांनी? इथं?"

"तिकडे दफनभूमीत त्याचं नाव आहे, तो नाही," ती म्हणाली. "तो इथं आहे. आणि बर्फ उपसायला माझ्यात आता जोर राहिलेला नाही."

झोपेत तिचा श्वास अडकायचा. डॉक्टरांनी रात्रभर तोंडाला लावायचं हवेचं यंत्र दिलं होतं, त्याला वीज लागे. म्हणून इन्व्हर्टर हवा होता. खोकं तिने सोबत आणलं होतं. लोवेल आला, तिला पाहून दारातच थबकला. तिने उठून त्याला मिठी मारली. तो काठीसारखा उभा.

"हा बसवून दे मला," ती म्हणाली.

"गावात एक चांगला माणूस आहे. त्याला सांगतो."

"गावातला माणूस मला नकोय."

"आर्डिस, मी आता हे काम करत नाही."

"खोटं बोलू नकोस. सगळं वाळवंट सांगतंय तू हेच करतोस. लोवेल, माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही रे."

त्या वाक्याने तो मोडला. माझ्या टेबलाशी बसला, डाग पडलेले तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि सगळं सांगितलं. थांबत थांबत नाही. एकदम, पाठ केल्यासारखं. आठ वर्षं रोज म्हणत असणार मनात. पुस्तिकेचं पान कितवं होतं तेसुद्धा सांगितलं.

आर्डिस ऐकत होती. तिने कॉफीचा कप खाली ठेवला नाही, ओठांनाही लावला नाही.

"म्हणजे बटण नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"नाही. बटण कुणीही दाबलं असतं. दाबायचंच असतं ते."

"तू ऐकलं होतंस मी काय म्हणत होते ते? वाळूत बसून?"

"हो."

"आठ वर्षं, लोवेल." तिचा आवाज चढला नाही. "आठ वर्षं मी माझ्या घरातला एक दिवा स्वतःच्या हाताने विझवलेला नाही. बहीण येऊन विझवते. ती गावाला गेली की दिवसाढवळ्या जळत असतात. ते बटण दाबलेलं बोट मी चर्चमध्ये हातमोज्यात लपवून बसते. तू विसरलास, ते मी समजू शकते. माणूस विसरतो. व्हर्लिन तर स्वतःचा वाढदिवस विसरायचा. पण तू मला तसंच घरी पाठवलंस."

ती उठली आणि गेली.

तीन दिवस तिचं दार बंद. मी सूप नेऊन पायरीवर ठेवायचे. भांडं रिकामं बाहेर यायचं. लोवेल आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून राहायचा, तिच्या दाराकडे बघत. मी विचारलं, "जेवलास?" तर म्हणाला, "व्हर्लिन तीन दिवस आला नाही." त्याला सुटल्यासारखं वाटलं असेल असं मला वाटलं होतं. तो घाबरलेला होता.

चौथ्या दिवशी सकाळी आर्डिस खोकं हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "चल. बसव. आणि करशील ती प्रत्येक गोष्ट मला सांगून कर. मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचं."

ते काम मी पूर्ण पाहिलं. बॅटऱ्या त्याने बाहेर दांडीवरच ठेवल्या, झडपा असलेल्या पेटीत, हवा खालून आत आणि वरून बाहेर. पेटीला साखळी आणि कुलूप. इन्व्हर्टर आत, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, जेवणाच्या बाकाखाली.

"वर का नाही?" आर्डिस म्हणाली.

"वायू वर चढतो. बॅटरीच्या डोक्यावर कधीच नाही. आम्लाच्या वाफेने इन्व्हर्टरमधले तांब्याचे भागही सडतात."

"मग लांब का नाही? तिकडे मागे?"

"तार लांबली की तापते. जवळ हवा, पण एका खोलीत नको. मध्ये भिंत हवी."

"हे तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं."

भिंतीतून तार नेण्यापुरतंच भोक पाडलं आणि तारेभोवतीची फट लुकणाने अशी बुजवली की मुंगी शिरू नये. बॅटरीच्या टर्मिनलपासून जेमतेम वीतभर अंतरावर मोठा फ्यूज.

"हा कशाला?"

"तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर हा आधी जळेल. तार जळणार नाही."

"तेव्हा होता?"

"होता. तो मी लावला होता."

"बाकाला ही जाळी?"

"इन्व्हर्टर गरम होतो. त्याला श्वास लागतो. याच्याभोवती चादरी कोंबायच्या नाहीत, आर्डिस."

असं प्रत्येक स्क्रूला. दर वेळी "तेव्हा?" आणि दर वेळी त्याचं उत्तर. माझ्याने ऐकवेना, पण ती मला जाऊ देईना. "तू थांब," म्हणाली, "मला साक्षीदार हवा."

दोन वाजायच्या आधीच काम झालं होतं, पण तिने थांबायला लावलं. माझा जनरेटर जोडला होता. दोनला ती त्याच्याशी वाकली. बोट बटणावर ठेवलं आणि तसंच राहिली. लोवेल ट्रेलरच्या पुढे, कप्प्याच्या दाराला पाठ लावून उभा होता. मी ओरडले, "अरे, तिथून बाजूला हो!" तो हलला नाही. तेव्हा मला कळलं की तो तिथं मुद्दाम उभा आहे.

तिने बटण दाबलं. जनरेटर थांबला. बाकाखालून टक् असा आवाज आला, आणि आतला दिवा लागलेलाच राहिला.

"एवढाच?" आर्डिस म्हणाली. "एवढाच आवाज असतो त्याचा?"

"एवढाच," लोवेल म्हणाला.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आतला दिवा विझला. मग लागला. मग विझला. कितीतरी वेळ ती ते करत होती. आम्ही दोघं बाहेर उन्हात उभे होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

माफी तिने दिली नाही. शनिवारी सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, ज्याने त्याने आपलं भांडं आणायचं. तिथं तिने दोनशे माणसांसमोर लोवेलला उभं केलं आणि म्हणाली, "मला सांगितलंस तेच यांना सांग." त्याने सांगितलं. वोलोशिन डोकं खाली घालून बसला होता. काही जणांनी त्यानंतर लोवेलला आपल्या ट्रेलरला हात लावू दिला नाही. काही मात्र त्याच संध्याकाळी त्याला घेऊन गेले, की बाबा, आमचंही बघ. आर्डिस आपली ताटली उचलून दुसऱ्या टेबलावर जेवली.

ती अजून तीन हिवाळे आली. दर वर्षी आल्या दिवशी लोवेलला बोलावून बॅटऱ्यांचं पाणी तपासून घ्यायची, तो करत असताना शेजारी उभी राहायची, "झालं?" म्हणायची आणि आत जायची. रविवारी त्याला कधी जेवायला बोलावलं नाही. चौथ्या वर्षी तिच्या बहिणीचं पत्र आलं, आर्डिस गेली म्हणून. मी ते लोवेलला वाचून दाखवलं. त्याने घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "आता दोघं येतील."

आली का, ते मी विचारलं नाही.

या वर्षी त्याचे गुडघे गेले. मिनेसोटात पुतणीकडे खिडकीपाशी बसून असतो. दर रविवारी मला फोन करतो. कोण नवीन आलंय, कुठल्या गावचं, बॅटऱ्या कुठे ठेवल्यात, इन्व्हर्टर कुठल्या बाजूला, मध्ये भिंत आहे का. मी जाऊन बघून येते आणि सांगते. परवा कॅनडातल्या अल्बर्टाहून एक तरुण जोडपं आलंय. त्यांचं नीट आहे म्हटलं, तर म्हणाला, "वायू बाहेर जायची वाट? हात घालून बघितलीस? नुसतं त्यांनी सांगितलं म्हणून नको." मी म्हटलं नाही बघितलं. "मग जा," तो म्हणाला. "मी फोन धरून बसतो."